झोपाळू लॅपटॉप आणि पत्ता चुकलेलं शाब्बास

प्रिय साडूभाऊ यांस,

धाकट्या साडूचा सप्रेम नमस्कार. (‘सप्रेम’ हा शब्द रीत म्हणून घातला आहे. त्यात प्रेम किती आणि बाकीचं काय किती, ते पत्र पुरं वाचून तुमचं तुम्हीच ठरवा.) तुमची तब्येत उत्तम असणारच, ती बिघडली तर ती बातमी होईल. ताईंची कंबर कशी आहे? त्या पट्टा बांधणार होत्या, त्याचं काय झालं? तुमच्या दवाखान्यातली बटण दाबलं की वर-खाली होणारी नवी खुर्ची रुळली का? तुमचा लॅपटॉप कसा आहे हे मात्र मी विचारणार नाही. तो कसा आहे हे मला दर रविवारी सकाळी दिसतं आणि सोमवारपर्यंत दिसत राहतं.

पत्र हाताने लिहिलेलं पाहून दचकू नका. आमचा लॅपटॉप दुरुस्तीला गेला आहे. फोनवरही सांगता आलं असतं, पण फोनवर तुम्ही मधेच हसता, आणि दातांच्या डॉक्टरांशी बोलताना मला सारखं वाटतं, की हा माणूस माझं ऐकत नसून माझी दाढ हुडकतो आहे. शिवाय मला जे सांगायचंय ते लांबलचक आहे आणि तुम्हाला मधे तोंड घालायची संधी न देता सांगायचंय. तुमच्या खुर्चीतला माणूस आ वासून गप्प पडलेला असतो आणि बोलायचं काम तुम्ही करता. एकदा उलटं होऊ द्या.

तुम्हाला ठाऊक असलेल्या गोष्टीही पुन्हा सांगतो, कारण त्या माझ्या खुर्चीतून कशा दिसतात हे तुम्हाला ठाऊक नाही. दर रविवारी सकाळी बाबांचा (म्हणजे आपल्या दोघांच्या सासऱ्यांचा) व्हिडिओ कॉल येतो. एका चौकटीत ते, एकीत तुम्ही आणि ताई, एकीत आम्ही. दोघी बहिणी थोडंसं बोलून उठतात, कारण त्यांचं खरं बोलणं आठवडाभर फोनवर झालेलं असतं. मग बाबा बुद्धिबळाचा पट कॅमेऱ्यापुढे ओढतात. पट त्यांचा, सोंगट्या त्यांच्या, दोन्ही बाजूंच्या सोंगट्या हलवणारा हातही त्यांचाच. समोरच्याने फक्त तोंडाने चाल सांगायची. हा समोरचा म्हणजे मी. लग्न झाल्यापासून मी. थोरले जावई म्हणून तुम्हाला गाडीत पुढची सीट, फोटोत मधली जागा आणि घरातली एकुलती एक हात असलेली खुर्ची मिळाली, मी हूं की चूं केलं नाही. पण बुद्धिबळ माझं होतं.

त्यात मी एकदाही जिंकलो नाही, ते सोडा. बाबांसमोर बसलं की आदराने माझी वाचा बसते, आणि वाचा बसली की डोकंही बसतं. (मला मनातल्या मनात विचार करता येत नाही. ओठ हलले तरच आतलं काही हलतं. ही म्हणते, मी साबण निवडतानासुद्धा साबणाशी वाद घालतो.) त्यातून बाबा आयुष्यभर गणिताचे मास्तर. उत्तर बरोबर आलं तरी ‘पायऱ्या कुठायत?’ म्हणणारे. त्यांच्या तोंडून ‘शाब्बास’ कुणीही ऐकलेलं नाही, पोटच्या मुलींनीही नाही. ही शाळेत पहिली आली तेव्हा त्यांनी विचारलं होतं, ‘दुसरा किती मागे होता?’ माझी एवढीच इच्छा होती, की एकदा, फक्त एकदा, त्या माणसाने चष्मा काढावा आणि मला शाब्बास म्हणावं. माझे स्वतःचे वडील मी लहान असतानाच गेले. हा शब्द ज्याच्याकडून घ्यावा असा दुसरा माणूस मला उरलेला नाही, हे मी तुम्हाला आधी कधी सांगितलं नव्हतं.

आता लॅपटॉप. आमचा लॅपटॉप म्हातारा आहे, हे कबूल. पण म्हातारपणी माणसाची झोप कमी होते, याची वाढली. झाकण उघडलं की कडेचा दिवा लागतो, पंखा घरघरायला लागतो, आणि पडदा मात्र काळा ठिक्कर. थोड्या वेळाने काळ्याचा करडा होतो आणि पुन्हा विचार बदलून काळा. तेवढ्यात माझा चहा पिऊन, कप विसळून, आठवड्याभराची नखं कापून होतात. तुमचा मात्र झाकणाला बोट लागायच्या आधीच टक्क जागा. मागे तुम्ही आमच्याकडे आलात तेव्हा ‘बाबांना ताटकळायला नको’ म्हणत आमच्या लॅपटॉपवर कॉल आपोआप उचलला जाण्याची सोय करून दिलीत. (ही सोय लक्षात ठेवा. मी विसरलो होतो.) आणि जाता जाता, चपला घालताना, आमच्याकडे एक जुना पडून आहे, जरा हळू आहे पण चालून जाईल, हवा तर पाठवतो, असंही म्हणालात. मी नको म्हटलं. तुमचे उतरलेले शर्ट मी कधी घातले नाहीत, तर लॅपटॉप काय म्हणून वापरू?

तर एका रविवारी आमचा पडदा उजाडला आणि पाहतो तो काय, पट मांडलेला, बाबा वाकून बसलेले, आणि समोर तुम्ही! इस्त्रीचा शर्ट, मागे पुस्तकांचं कपाट, बाजूला कुंडीतलं झाड, आणि तोंडावर ते हसू, जे तुम्ही पेशंटला बिल द्यायच्या आधी हसता. तुम्ही बाबांना विचारत होता, की उंट सरळ जातो का तिरका. उंट! आणि बाबा, ज्यांनी मला माझ्या पहिल्या चुकीला ‘आधी नियम वाचून या’ म्हणून सुनावलं होतं, ते तुम्हाला तोंडभर समजावत होते. मला म्हणाले, ‘जावईबापू, तुमचं यंत्र उठेपर्यंत म्हटलं एक डाव यांच्याशी टाकू.’ मी हसून ‘हो बाबा, छान’ म्हटलं. अंगाचा तिळपापड झाला होता, पण कॅमेऱ्यात तो दिसत नाही.

त्यानंतर दर रविवारी तेच. आमचा म्हातारा घोरतोय, आणि तुम्ही माझ्या जागेवर. मी तरी काय करणार? काळ्या पडद्यासमोर माझा स्वतःचा छोटा पट मांडून बसायचो आणि दोन्ही बाजूंनी खेळायचो. बाबांचा खेळ मला पाठ आहे. वर्षानुवर्षं एकच प्रश्नपत्रिका काढणाऱ्या मास्तरांचा खेळ तो. ‘आता बाबा डावीकडचा घोडा काढणार. मग मी मधलं प्यादं पुढे करणार. बाबा म्हणतील हं. मग मी उंट आणून त्यांच्या घोड्यावर नजर ठेवणार’, असं बडबडत बडबडत डाव उभा करायचा. मधून मधून तोंड कडू झालं की तुमच्याकडे वळायचो. म्हणजे तुमच्याबद्दल हिला सांगायचो. ही स्वयंपाकघरात असायची, ऐकत होती की नाही देव जाणे. तुम्हाला मी तेव्हा काय काय म्हणालो ते इथे लिहीत नाही. त्याची गरज का नाही, हे पुढे येईल.

आणि मग पडदा उजाडायचा आणि मी पटाकडे पाहून गारच व्हायचो. तुमचा डाव आणि माझ्यापुढचा डाव एक! जिथे माझं प्यादं तिथे तुमचं प्यादं, जिथे माझा उंट तिथे तुमचा उंट. ज्या माणसाला कालपरवा उंट तिरका चालतो हे ठाऊक नव्हतं, तो माझ्या डोक्यातला डाव खेळतोय. पहिल्यांदा मला वाटलं, योगायोग. दुसऱ्यांदा वाटलं, तुम्ही शिकवणी लावलीत. तिसऱ्यांदा मी हिला म्हणालो, की काही माणसांना देव सगळंच देतो, दात पांढरे, केस काळे, लॅपटॉप जागा, आणि वर बुद्धिबळही. रात्रंदिवस मी जळत होतो, साडूभाऊ. हेवा म्हणतात तो हाच, हे मला नीट कळत होतं आणि कळूनही उतरत नव्हता.

मग तो रविवार. त्या दिवशी आमच्या लॅपटॉपने कमाल केली. पडदा उजाडायलाच तयार नाही. मी माझ्या पटावर अख्खा डाव खेळून काढला. बाबांचा वजीर कोपऱ्यात कोंडला, हत्ती उघड्या पट्टीत आणला, शह, पुन्हा शह, मात. अगदी देखणी मात. मी खुर्चीतून ताडकन उभा राहिलो, आणि त्याच क्षणी पडदा लागला. समोर बाबांचा पट, आणि त्यावर तीच मात! बाबांनी सावकाश चष्मा काढला, पुसला नाही, नुसता हातात धरला, कॅमेऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, ‘शाब्बास.’ तुम्ही मान झुकवलीत. मी उभाच होतो, कमरेखाली घरातली चड्डी घालून, त्यामुळे घाईने बसलो. ताईंनी टाळ्या वाजवल्या. आमच्या हिनेसुद्धा स्वयंपाकघरातून येऊन वाजवल्या आणि माझ्याकडे असं काही पाहिलं, की मला वाटलं, कीव करते आहे. दुपारी मी जेवलो नाही. (जेवलो, पण चव लागली नाही.)

त्या सोमवारी मी ठरवलं, की दोष माझ्यात नाही, लॅपटॉपमध्ये आहे. तो वेळेवर उठला असता तर ते शाब्बास माझं होतं. आणि साडूभाऊ, लॅपटॉप दुरुस्त करायला माझ्याइतका लायक माणूस शोधून सापडला नसता. मी पोटासाठी काय करतो? यंत्रांच्या माहितीपुस्तिका लिहितो. धुण्याचं यंत्र, मिक्सर, पंखा, पाणी तापवायचं यंत्र. आणि त्यातही शेवटचं पान, ‘समस्या आणि उपाय’, ही माझी खास हातोटी. हजारो घरांत बायका-पुरुष मी लिहिलेलं वाचून प्लग काढतात आणि पुन्हा लावतात. म्हणून माझ्याच पद्धतीने सुरुवात केली. पहिला उपाय, प्लग लावला आहे का ते पाहा. लावला होता. दुसरा उपाय, यंत्र बंद करून थोडा वेळ थांबा. थांबलो. तिसरा उपाय, यंत्र सपाट व हवेशीर जागी ठेवले आहे का? खिडकीत ठेवला, तर त्यावर शेजाऱ्यांचं मांजर येऊन झोपलं. आता दोघंही उठेनात. मांजर मात्र आधी उठलं.

मग खोलात शिरलो. धूळ झटकायला म्हणून मागचं झाकण उघडलं, आत फुंकर मारली, ती सगळी धूळ माझ्या डोळ्यांत. झाकण परत लावलं तेव्हा दोन स्क्रू उरले. (अजून माझ्या कपाटात आहेत. लॅपटॉपचं त्यांच्यावाचून काही अडलेलं नाही, यावरून ते कशाला होते असा प्रश्न पडतो.) जागा मोकळी करावी म्हणून नको असलेल्या फायली पुसल्या; त्यात येत्या शुक्रवारी द्यायची इस्त्रीची माहितीपुस्तिकाही गेली. (इस्त्री! नशीब कसं टोमणे मारतं पाहा.) नवं काहीतरी आपोआप उतरवून घ्यायला लावलं, तर लॅपटॉपने ‘कृपया बंद करू नका’ असं लिहून एक अख्खा दिवस टक लावून माझ्याकडे पाहिलं, आणि दुसऱ्या दिवसापासून आणखी हळू झाला. शेवटी त्याला झोपूच द्यायचं नाही असं ठरवून तशी खूण केली. तर तो इतका तापला, की हिने त्यावर ओले मोजे वाळत घातले.

या काळात मी माणसातून उठलो. जिथे जाईन तिथे मला लोकांचे लॅपटॉप दिसायचे. वाचनालयात, कॉफीच्या दुकानात, बँकेच्या काउंटरवर लोक झाकण उघडतात आणि लगेच टाइप करायला लागतात. कृतज्ञता नावालाही नाही! दुरुस्तीच्या दुकानात गेलो तर तिथल्या कारागिराचा स्वतःचा लॅपटॉप आमच्याहून जुना, कोपरे उडालेले, चिकटपट्टी लावलेली, आणि टिचकी मारली की जागा. मी त्याच्याकडे पाहत राहिलो. तो मला खर्च सांगत होता, आणि मी विचार करत होतो, की याचेही सासरे असतील, आणि हा त्यांच्याशी रोज खेळत असेल. खर्चाचा आकडा ऐकून विचार करून सांगतो म्हणत घरी आलो. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. माझं अंगण खरोखरच वाकडं होतं, पण सरळ करायचं तर नाचापेक्षा महाग पडत होतं.

आता नीट वाचा. माझ्या पानावरचा शेवटचा उपाय असतो, ‘वरील उपायांनी फरक न पडल्यास दोष नेमका केव्हा उद्भवतो ते नोंदवा.’ हा उपाय मी स्वतः लिहितो आणि आजवर कुणीच केलेला नाही, मीही नाही. परवा दुपारी केला. हिला म्हटलं, तू स्वयंपाकघरातून तुझ्या फोनवरून मला व्हिडिओ कॉल कर, मी इकडे झाकण उघडतो, बघू किती वेळ लागतो. हिने फोन ओट्यावर ठेवला आणि भाजी चिरत बसली. मी झाकण उघडलं. दिवा लागला, पंखा घरघरला, पडदा काळा. सवयीने तोंडातून गेलं (इस्त्री म्हणजे तुम्ही, हे घरातलं नाव), ‘त्या इस्त्रीने एव्हाना माझा उंट बाहेर काढला असेल.’ आणि साडूभाऊ, स्वयंपाकघरातून माझाच आवाज आला, ‘त्या इस्त्रीने एव्हाना माझा उंट बाहेर काढला असेल.’

मी खोकलो. स्वयंपाकघर खोकलं. मी घसा साफ केला, तिकडेही झाला. मी अगदी हळू, लॅपटॉपच्या कानात सांगावं तसं ‘हॅलो’ म्हटलं, आणि ओट्यावरून खणखणीत ‘हॅलो’. पडदा अजून काळाच. म्हणजे आमचा म्हातारा उठतो तेव्हा आधी त्याचे कान उघडतात. डोळे आणि तोंड कितीतरी वेळाने. तुम्ही केलेल्या त्या सोयीने कॉल आपोआप उचलला जातो, मला काही दिसत नाही, काही ऐकू येत नाही, आणि माझं मात्र सगळं तिकडे ऐकू जातं. भिंतीला कान असतात हे मला लहानपणी शिकवलं होतं. टेबलालाही असतात हे कुणी सांगितलं नाही. ही दारात आली, तोंडावर फडकं धरून, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसत. मी म्हटलं, तुला ठाऊक होतं? ती म्हणाली, ‘अहो, ताईकडे तर रविवारी शेजारीपण येऊन बसतात.’

मग मी खाली बसून एकेक आठवत गेलो. तुमचं मागचं झाड प्लास्टिकचं आहे असं मी म्हणालो होतो. त्याच्या पुढच्या रविवारी तुम्ही कॅमेऱ्यासमोर मुद्दाम त्याला पाणी घातलंत आणि एक पान तोडून दाखवलंत. तुमच्या कपाटातली पुस्तकं रंगाप्रमाणे लावली आहेत, याचा अर्थ ती उघडलेली नाहीत असं मी म्हणालो; पुढच्या रविवारी एक पुस्तक तुमच्या मांडीवर उपडं होतं. तुमचं हसणं दाढ कोरायच्या यंत्रासारखं आहे असं म्हणालो, तेव्हापासून तुम्ही तोंड मिटून हसता. या सगळ्याचं मला तेव्हा नवल वाटलं होतं. वाटलं होतं, हा माणूस किती दिखाऊ! आता कळतंय. लाज वाटली का, म्हणाल तर वाटली. पण तासाभरातच ती गेली आणि तिच्या जागी दुसरं काही आलं, कारण मला बुद्धिबळ आठवलं.

म्हणजे प्यादं माझं! उंट माझा! हत्ती उघड्या पट्टीत आणणं माझं! मी इकडे काळ्या पडद्यासमोर बडबडत होतो आणि तुम्ही तिकडे इस्त्रीचा शर्ट घालून माझा डाव उतरवून घेत होतात. मी शिव्या दिल्या त्याचं मला काही नाही, त्या तुम्ही फुकट ऐकल्यात. पण मात माझी आणि शाब्बास तुमचं? आपलेच दात आणि आपलेच ओठ, तक्रार कुणाकडे करायची? दातांच्या डॉक्टरांकडे? साडूभाऊ, या जगात मला तुमच्या ज्या ज्या गोष्टीचा हेवा वाटला त्यातली एक तरी माझीच निघाली, याचा आनंद मानावा की दुःख, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. हेवा मात्र कमी झालेला नाही. उलट आता स्वतःचाही वाटतो.

म्हणून काल लॅपटॉप उचलला आणि दुकानात नेऊन टाकला. कारागीर म्हणतो, आतली जुनी चकती (हार्ड डिस्क) काढून नव्या तऱ्हेची बसवतो, मग डोळे मिटून उघडेपर्यंत जागा होईल. खर्च होऊ दे. या रविवारी पडदा पहिला माझा उजाडेल, पट माझ्यापुढे येईल, आणि तुम्ही तुमच्या चौकटीत बसून, मान झुकवून, बघत राहाल. ताईंना नमस्कार. शेजाऱ्यांना सांगा, कार्यक्रम बंद झाला.

तुमचा (नात्याने, इलाज नाही म्हणून)
धाकटा साडू

ता. क. पाकीट बंद करायच्या आधी हिने पत्र वाचलं आणि म्हणाली, की झाडाबद्दल तरी माफी मागा, झाड खरं आहे. झाडाची माफी मागतो. पुस्तकांबद्दलचं मत कायम आहे.

ता. क. २. पाकिटाला तिकीट लावायचं राहिलं आणि मधे रविवार होऊन गेला, तेव्हा जे तुम्हाला दिसलं तेच लिहितो. लॅपटॉप झाकण उघडताच जागा झाला. पट माझ्यापुढे आला. समोर बाबा दिसत होते, त्यांना मी दिसत होतो, त्यामुळे मी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि तोंडातून ‘हो बाबा, बरोबर बाबा’ याखेरीज काही फुटलं नाही. चहा निवायच्या आत हरलो. तुम्ही हसला नाहीत, त्याबद्दल आभारी आहे. हसला असतात तर बरं झालं असतं.

ता. क. ३. संध्याकाळी बाबांचा फोन आला. एकट्या मला, साधाच फोन. म्हणाले, ‘जावईबापू, यंत्र दुरुस्त कशाला केलंत?’ मी म्हटलं, तुम्हाला ताटकळायला लागू नये म्हणून. ते म्हणाले, ‘मी ताटकळत नव्हतो. मी कानाचं मशीन मोठं करून ऐकत होतो.’ मग सगळं सांगितलं. पहिल्यांदा तुम्हीच म्हणे माझी चाल उचलून म्हणालात, गंमत म्हणून. मग बाबांनीच सांगितलं, की असंच चालू दे, त्याला कळू देऊ नका, कळलं तर पुन्हा ‘हो बाबा’ सुरू होईल. आधी काळ्या चौकटीतून खेळी यायची आणि मग थोरले जावई तीच इस्त्री करून म्हणायचे. त्या दिवशी मी ‘आता बाबा वजीर इथे आणणार’ म्हणालो, तेव्हा त्यांनी हट्टाने दुसरीकडे आणायचं ठरवलं. ‘पाहिलं,’ ते म्हणाले, ‘तर दुसरीकडे जागाच नव्हती. सगळ्या पायऱ्या दाखवून सोडवलेलं गणित होतं ते. म्हणून चष्मा काढून तुमच्या चौकटीकडे बघून म्हटलं. पोचलं नाही का तुम्हाला?’ ‘आत्ता पोचलं, बाबा,’ मी म्हटलं, आणि या वेळी नुसतं आदरापोटी नव्हे.

ता. क. ४. आता या पत्राचं खरं कारण, जे पत्र लिहायला घेतलं तेव्हा मलाच ठाऊक नव्हतं. दुकानात जाऊन जुनी चकती परत बसवा म्हटलं, तर कारागिराने ती भंगारात दिली. तेल गेलं, तूप गेलं, हाती हा टक्क जागा लॅपटॉप राहिला. तेव्हा चपला घालताना तुम्ही म्हणाला होतात तो तुमचा जुना, जरा हळू असलेला लॅपटॉप अजून पडून असेल तर रविवारच्या आत पाठवून द्यावा. मात्र आधी दोन गोष्टी नीट तपासा. एक, तो खरंच हळू आहे ना? (तुमच्या घरातली वस्तू, म्हणून शंका येते.) दोन, त्याचे आधी कान उघडतात ना? ती आपोआप उचलायची सोय तुमच्या हातानेच करून पाठवा. मी पूर्वीसारखाच बडबडेन, तुम्ही पूर्वीसारखंच बाबांना सांगा. तुमच्याबद्दल जे बोलायचं तेही बोलावं लागेल, त्याशिवाय माझा डाव लागत नाही, ते मनावर घेऊ नका.

आणि पुन्हा कधी शाब्बास मिळालंच, तर अर्धं तुमचं. (‘शा’ तुमचा. बाकीचं मी ठेवतो.)